स्पिटफायर मार्क ३ : अंबडच्या शेडमधल्या नोंदी

१७ ऑक्टोबर २०२४

गाडी आज संध्याकाळी नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये उतरली. ट्रायम्फ स्पिटफायर, दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मार्क ३, १९६८ सालची, मुंबईचं जुनं पासिंग. मालक माझा भाचा. त्याची ही पहिलीच जुनी गाडी. ट्रेलरचे पट्टे सुटायच्या आत त्याचा प्रश्न आला, "मामा, इंजिन आधी काढायचं ना?"

नाही. इंजिन आधी नाही, रंग तर सगळ्यात शेवटी. जुनी स्पोर्ट्स कार उभी करण्याचं काम पैशांअभावी बंद पडतं तसं क्रम चुकल्यामुळेही पडतं, आणि माझ्या पाहण्यात क्रमामुळे जास्त वेळा. हौसेने पहिल्या महिन्यात सगळी गाडी उकलायची, सुटे भाग खोक्यांत भरायचे आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तीच गाडी खोक्यांसकट विकायला काढायची, हे नाशकात मी चांगल्या चांगल्या माणसांच्या बाबतीत पाहिलंय.

म्हणून आपला क्रम असा : कागद, सांगाडा, गाडी थांबणं, गाडी चालणं, वायरिंग, रंग. एका वेळी एकच विभाग उघडायचा, आणि तो परत बसल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावायचा नाही. गाडी शक्य तितका काळ स्वतःच्या चाकांवर, ढकलता येईल अशीच राहिली पाहिजे.

२० ऑक्टोबर

कागद. आरसी बुकातला चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर ताडून पाहिला. मार्क ३ चा कमिशन नंबर (कारखान्याने गाडीला दिलेला नंबर) ‘एफडी’ने सुरू होतो आणि मूळ इंजिनाचा नंबरही. तो ब्लॉकवर डाव्या बाजूला ठोकलेला असतो. तिथे तेल-मातीचा जाड थर होता. डिझेल आणि जुन्या टूथब्रशने तो साफ केल्यावर ‘एफडी’ अक्षरं दिसली. हे फार बरं झालं. आपल्याकडच्या ट्रायम्फ गाड्यांमध्ये नंतर त्याच कंपनीच्या हेराल्ड गाडीचं इंजिन बसवलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर ते पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खाजगी दुचाकी-चारचाकी त्यात बसते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची.

हे आत्ताच लिहून ठेवायचं कारण, ‘मूळ रूपात’ या अटीवर पुढचे निर्णय ठरतात. भाच्याच्या डोक्यात एका जपानी इंजिनाचा विचार घोळत होता. तो आज संपला.

२१ ऑक्टोबर

नुसते फोटो काढले. प्रत्येक जोड, प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो ते. मोबाइल आडवा धरून, आधी लांबून, मग जवळून. वर्षभराने परत जोडताना याच फोटोंकडे वळावं लागणार.

८ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. हत्यारं.

या गाडीचे आटे बहुतेक यूएनएफ आहेत, म्हणजे इंची. आजच्या गाड्यांचा १३ नंबरचा पाना अर्धा इंची नटावर बसल्यासारखा वाटतो, पण तो नट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्या ०.३ मिलिमीटरच्या ढिलाईने गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात, आणि गोल झालेला नट काढायला गॅस लावावा लागतो. ७/१६, १/२ आणि ९/१६ या तीन मापांचे रिंग पाने आणि सॉकेट चांगल्या प्रतीचे घ्यायचे. निम्म्याहून जास्त गाडी त्यांवरच उघडते. टपारियाची हत्यारं तर आपल्या सातपूरलाच बनतात. मापं सांगून मागवली की मिळतात. त्याशिवाय टॉर्क रेंच, फिलर गेज, डायल गेज, मल्टिमीटर आणि चार भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

काढलेला प्रत्येक बोल्ट छोट्या पिशवीत, आणि पिशवीवर तो कुठला ते मराठीत. ‘डावं पुढचं चाक, वरचा विशबोन, चासीकडचा’ असं पूर्ण लिहायचं. ‘सस्पेन्शन बोल्ट’ असं लिहिलेल्या पिशवीचा पुढच्या वर्षी काही उपयोग नाही.

१० नोव्हेंबर

सगळे पार्ट इंग्लंडहून येतील अशी भाच्याची समजूत होती. तशी गरज नाही. स्पिटफायर १९६२ साली आली ती ट्रायम्फ हेराल्डच्या जोरावरच. दोन्हींचं डिझाइन जिओव्हानी मिकेलोत्तीचं, आणि पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक, इंजिन, डिफरन्शिअल सगळं एकाच घराण्यातलं. ती हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून भारतात बनवली. त्यामुळे चेन्नईच्या पुदुपेट बाजारात आणि मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे अजून काही ना काही हाती लागतं. दाखवायला जुना पार्ट सोबत न्यायचा, नुसतं नाव सांगून भागत नाही. डिस्क ब्रेकचं सामान, सीलिंग रबर, पत्र्याचे तयार सिल (दाराखालचे पोकळ भाग) मात्र बाहेरून मागवावे लागतील. त्याची यादी एकदाच करून एकाच खोक्यात मागवायची. कस्टम आणि कुरिअरचा खर्च दर वेळी वेगळा बसतो.

टायर १४५/८० आर १३ चालतील. हे माप अजून छोट्या गाड्यांसाठी मिळतं. गाडीवरचे टायर दिसायला बरे आहेत, नक्षी भरपूर आहे, तरी ते टाकायचे. बाजूवर चार आकडी शिक्का असतो, आठवडा आणि वर्ष. इथे तो सापडतच नाही, म्हणजे टायर किती जुने असतील ते समजावं.

२३ नोव्हेंबर

इंजिन फिरतं का, एवढंच आज पाहायचं होतं. ते कळलं की बजेट ठरवता येतं.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला बॅटरी लावून स्टार्टर मारायचा मोह प्रत्येकाला होतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, कोरड्या बेअरिंगवर तेलाचा थेंब नसतो, आणि स्टार्टर ते सगळं जोर लावून ओढतो. त्याऐवजी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल समभाग ओतलं आणि तसंच ठेवून दिलं.

३० नोव्हेंबर

आठवडाभर भिजल्यावर चौथा गिअर टाकून गाडी हाताने किंचित पुढे-मागे हलवली. आधी नुसतीच अडकली. मग एक बारीक कुरकुर आली आणि पुली फिरली. भाच्याने आरोळी ठोकली, शेजारच्या गाळ्यातले लोक पाहायला आले.

लगेच दुसरी तपासणी. ट्रायम्फच्या या इंजिनात क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) पुढे-मागे हालचाल रोखायला मागच्या मेन बेअरिंगजवळ दोन अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजून खाली पडले की क्रँक सरळ ब्लॉकला घासते आणि ब्लॉक वाया जातो. तपासायला सोपं आहे : एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढच्या पुलीवर डायल गेज लावून ती किती पुढे सरकते ते पाहायचं. ०.२ मिलिमीटरच्या आसपास असेल तर निश्चिंत राहावं. आपल्याकडे जवळजवळ दुप्पट निघालं, म्हणजे वॉशर बदलायचे. इंजिन न उतरवता, ऑइल संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) आणि मागची मेन कॅप काढून ते काम होतं. नवे बसवताना तेलाच्या खाचा असलेली बाजू क्रँककडे. उलटे बसले तर थोड्याच दिवसांत संपतात.

नवशिक्याने इंजिन सुरू करण्याआधी एवढं जरूर पाहावं. ‘इंजिन ओके’ म्हणून विकलेल्या गाडीतही पाहावं.

१४ डिसेंबर

वॉशर बदलले, संप धुतला. तळाशी काळ्या गाळाचा थर होता, खरवडून काढावा लागला. नवं ऑइल २०डब्ल्यू-५०. प्लग न लावता स्टार्टर फिरवला आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थांबलो. मग प्लग लावले, पेट्रोल गाडीच्या टाकीतून न घेता बाहेर टांगलेल्या बाटलीतून दिलं, सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) घासून ०.०१५ इंचावर लावले. दोन मिनिटं चाललं. धूर भरपूर, आवाज स्वच्छ.

एवढ्यावर इंजिन बंद. आता ते सांगाडा होईपर्यंत जागेवरच राहील. "पण चालू झालंय ना मामा, मग थोडं फिरवू या?" ब्रेक नाहीत, म्हणून नाही.

२८ डिसेंबर

सिल. या गाडीचा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्पिटफायरला खाली वेगळी चासी आहे, पण ती मधोमध जाणाऱ्या कण्यासारखी. हेराल्डच्या चासीला बाजूंनी आधार आहेत, हिच्या चासीला नाहीत. त्यामुळे दाराखालचे दोन पोकळ सिल हेच बॉडीला ताठ ठेवतात. वर पक्कं छप्पर नाही, त्यामुळे वरूनही आधार नाही. मागच्या चाकांचे रेडियस आर्मही (चाक पुढे-मागे सरकू न देणारे दांडे) बॉडीला येऊन मिळतात. सिल कुजला की दार बसत नाही, गाडी मधोमध खचते. आणि सिल बाहेरून चकचकीत दिसू शकतो.

चुंबक घेऊन फिरलो. डाव्या सिलवर पुढच्या वीतभर भागात चुंबक धरतच नव्हता. जुन्या नाशकातले पत्रेवाले चाचा आले होते. त्यांनी छोट्या हातोडीने टकटक करत सिलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज ऐकला आणि खडूने तीन ठिकाणी रेघ मारली. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून त्या तीन जागा उघडल्या. रंगाखाली पिवळसर लांबी, म्हणजे पुट्टी, बोटभर जाड. लांबीखाली जाळी, जाळीखाली रिव्हेट मारलेली पत्र्याची पट्टी, आणि पट्टीखाली काहीच नाही. हात घातला तर आतला उभा पत्रा, म्हणजे सिलचा खरा ताठ भाग, तळापासून दोन इंच गायब. मूठभर तपकिरी भुगा बाहेर आला.

चाचा म्हणाले, "दोन्ही बाजू पूर्ण बदला. ठिगळ लावायचं असेल तर मला नका बोलावू." मला हे आवडलं.

४ जानेवारी २०२५

कापण्याआधीची तयारी. यात घाई केलेली गाडी पुढे कधीच सरळ होत नाही.

गाडी स्वतःच्या सस्पेन्शनवर, सपाट फरशीवर. दोन टोकांना जॅक लावून सिल कापला तर मधला भाग खाली झुकतो आणि तसाच वेल्ड होतो. दारं बसवलेलीच ठेवून पुढची-मागची फट मोजली आणि मास्किंग टेपवर लिहून बॉडीलाच चिकटवली. मग दारं काढून दोन्ही दारांच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, अँगलचे आडवे आणि तिरके तुकडे वेल्ड केले. दोन्ही खांबांमध्ये वरूनही एक आडवा अँगल. कर्ण मोजले, डावे-उजवे जुळले.

आणि एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण झाली, दार लावून फट तपासली, मगच उजवी.

१८ जानेवारी

डावी बाजू कापली. चाचांनी बाहेरचा सिल काढल्यावर आतला पत्रा बिजागरीच्या खांबाच्या पायथ्यापर्यंत कुजलेला निघाला. पायथ्यासाठी १८ गेजचा सीआर पत्रा वाकवून तुकडा केला. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग पत्रा. आतल्या बाजूला वेल्ड करता येईल असा झिंकयुक्त प्राइमर मारून घेतला, कारण बंद झाल्यावर तिथे ब्रश जात नाही.

सीओटू वेल्डिंग. सलग ओढायचं नाही. इथे एक टाका, मग हातभर लांब दुसरा, पत्रा हाताला गार लागला की परत पहिल्याशेजारी. सलग ओढलं की उष्णतेने पत्रा लाटा घेतो. भाच्याने आधी भंगार पत्र्यावर आठवडाभर सराव केलाय. आज त्याने मारलेले जमिनीच्या पत्र्यावरचे प्लग वेल्ड चाचांनी छिन्नी घालून तपासले. सुटले नाहीत.

नवशिक्याने वेल्डिंग शिकावं का? शिकावं, पण सांगाड्यावरचं काम अनुभवी हातानेच करावं. सीटखालचे कंस, बॅटरीचा ट्रे, जमिनीचे छोटे तुकडे यांवर स्वतःचा हात साफ करावा.

९ फेब्रुवारी

दोन्ही सिल झाले. अँगल काढण्याआधी दारं लावून पाहिली. टेपवर लिहिलेल्या मापांपेक्षा फट सुधारली आहे, वर-खाली सारखी. अँगल कापले, फट हलली नाही.

पोकळ भागात मेणयुक्त गंजरोधक सोडायचं ते रंगानंतर. पाणी बाहेर पडायची भोकं मात्र आत्ताच मोकळी केली.

२२ फेब्रुवारी

पुढचं सस्पेन्शन. इथल्या प्रत्येक मेस्त्रीला माझी एक विनंती आहे.

चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी सांध्यात आट्यांवर फिरतो. त्याला ट्रनिअन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत वळतो. या सांध्याला ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. आपल्याकडे खालचा सांधा दिसला की ग्रीस गन लावायची सवय आहे, आणि ग्रीस तिथे आट्यांपर्यंत पोहोचत नाही. वरच्या वर गोळा होतं, आट्यांत पाणी शिरतं, लोखंडी दांड्याला गंज लागतो आणि एके दिवशी वळणावर दांडा त्या जागी तुटतो. चाक आडवं होतं.

आपल्या गाडीचा उजवा ट्रनिअन उघडला. वर घट्ट झालेलं काळं ग्रीस, आणि दांड्याच्या शेवटच्या तीन-चार आट्यांवर लाल खड्डे. बोटाने चाचपले तरी टोचतात. डावा त्याहून बरा, पण दोन्ही दांडे आणि दोन्ही ट्रनिअन नवेच घ्यायचे. इथे जुनं चालवून घेणं नाही. दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात, म्हणून पिशव्यांवर डावा-उजवा ठळक लिहायचं.

रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. हवेत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

३० मार्च

पाडवा. गाडीला हार, पेढे. काम नाही.

५ एप्रिल

ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. कॅलिपरचे पिस्टन गंजलेले, मास्टर सिलिंडरच्या आत खड्डे. मास्टर सिलिंडरचा बाहेरचा भाग चांगला होता, म्हणून सातपूरच्या एका टूलरूममध्ये बोअर करून स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घेतली. नाशकात अशा कामाचे हात आहेत, हे आपलं नशीब. मी स्वतः टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, तरी त्या स्लीव्हचं फिनिशिंग पाहून समाधान वाटलं.

रबरी होस बाहेरून कितीही बरे दिसोत, सगळे नवे. आतून फुगलेला होस तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि चाक धरून राहतं. पाइपही सगळे नवे. तेल डॉट ४. हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून. हे तेल रंग उकलतं, सांडलं की लगेच पाण्याने धुवायचं. हवेतलं पाणीही ते शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

पेडल आता दगडासारखं घट्ट आहे. शेडच्या आवारात पहिल्या गिअरमध्ये दहा फूट, ब्रेक, परत दहा फूट.

२६ एप्रिल

सगळी बॉडी पत्र्यापर्यंत घासली. डॅशबोर्डच्या मागे मूळ रंग सापडला, कोनिफर ग्रीन. भाच्याला लाल हवी होती. निर्णय त्याचा. पण तो तुकडा मी त्याच्या हातात दिला आणि काही बोललो नाही.

घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर. उघड्या पत्र्यावर रात्रीत गंज धरतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर नक्कीच. उघडा पत्रा घेऊन जूनमध्ये जायचं नाही. रंगाचं वेळापत्रक मी याच एका तारखेभोवती बांधलं होतं.

२४ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळतोय. बॉडी इपॉक्सीत आहे, म्हणून झोप लागते. हवा दमट असताना रंगाचा शेवटचा हात मारायचा नाही. ते आता पावसाळा संपल्यावर.

१२ जुलै

पावसात बसून वायरिंग. कामाला योग्य हंगाम.

लुकस या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगला लोक उगाच घाबरतात. रंगांची भाषा एकदा कळली की ते वाचता येतं : तपकिरी म्हणजे बॅटरीतून सतत येणारा करंट, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी म्हणजे फ्यूजमधून पण सतत, लाल पार्किंग दिव्यांची, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंग. दिवा मंद असेल तर आधी काळी वायर जिथे बॉडीला लागते ती जागा घासायची. निम्मे दोष तिथेच सुटतात, आणि इपॉक्सी मारलेल्या बॉडीवर तर अर्थिंगच्या जागा मुद्दाम खरवडून घ्याव्या लागतात.

मार्क ३ ला निगेटिव्ह अर्थिंग आहे. मार्क १ आणि २ ला पॉझिटिव्ह. जुन्या पुस्तकातलं पाहून बॅटरी लावण्याआधी आपली गाडी कुठली ते पाहावं.

पूर्ण हार्नेस नवा घेतला. जुन्याचं इन्सुलेशन वाकवलं की तडकत होतं. बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवला. रात्री शेड बंद करताना तो बंद.

१७ ऑगस्ट

पेट्रोलचा मार्ग. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ही गाडी बनली तेव्हा असं काही नव्हतं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि हवेतलं पाणी ओढून टाकीला आतून गंजवतं. म्हणून सगळे पेट्रोल होस एसएई जे३० आर९ दर्जाचे, पंपाचा डायफ्राम इथेनॉल चालणारा, कार्बोरेटरच्या सुयांचे सील व्हिटॉनचे. टाकी रेडिएटरवाल्याकडून उकळून साफ करून घेतली. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग घरी कधीही करायचं नाही, रिकामी दिसली तरी आतल्या वाफेने स्फोट होतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची.

शिशाचं पेट्रोल भारतात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्याशिवाय जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजू शकतात. आत्ता हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) काढायचं नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, गार इंजिनवर ०.०१० इंचावर लावले आहेत. पुढच्या तपासण्यांत एक्झॉस्टचा गॅप कमी होत गेलेला दिसला, तर सीट खाली बसतेय असं समजून हेड काढायचं आणि कडक सीट बसवायच्या.

३० ऑगस्ट

दोन एसयू एचएस२ कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारे. त्यांच्या आतला पिस्टन बोटाने उचलून सोडला की खाली ‘टक’ असा धातूचा आवाज यायला हवा. मागच्याचा आला, पुढचा मधेच अडकला. जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक नळी, मध्यावर नव्हता. तो सैल करून, पिस्टन खाली बसू देऊन पुन्हा आवळल्यावर आवाज आला. डॅम्परमध्ये २० नंबरचं ऑइल.

सुरुवातीला जेटचा षटकोनी नट वरपासून बारा पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. इंजिन गरम करून, दोन्ही तोंडांशी रबरी नळी कानाला लावून हवेची सुरसुर सारखी केली. मग पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलून ऐकायचं : इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी, किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, त्यामुळे एकेक पैलू आणखी खाली जावं लागलं. भाच्याने अर्ध्या तासात कान तयार केला. मला या कामाला पूर्वी कितीतरी जास्त वेळ लागायचा.

११ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली. रंग व्यावसायिक बूथमध्येच करून घेतला. टूके (दोन भाग मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या मास्कने ते थांबत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. घरच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर लावून हे करू नये.

रंग कोनिफर ग्रीन. त्याने स्वतः ठरवलं.

९ नोव्हेंबर

सकाळी सहा वाजता गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे. रस्ता मोकळा, थंडी चांगलीच. मी शेजारी, भाचा स्टिअरिंगवर, वेग साठच्या आत.

निघण्याआधी त्याला एकच गोष्ट बजावली. मार्क ३ चं मागचं सस्पेन्शन स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे प्रत्येक मागचं चाक आपल्या अर्ध्या धुऱ्यासकट वर-खाली झुलतं, आणि सगळं आडव्या पाट्याच्या स्प्रिंगवर टांगलेलं. वेगात वळणात शिरून मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर गाडीची मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळण हलक्या, स्थिर अ‍ॅक्सिलरेटरवर काढायचं. कसारा घाट सध्या नाही.

परत आल्यावर चारही हबवर हात ठेवून पाहिलं. पुढचं उजवं इतरांपेक्षा गरम होतं. बेअरिंग किंचित घट्ट आवळलं गेलंय. नट सैल करून पुन्हा सेट केला, स्प्लिट पिन नवी घातली. रेडिएटरच्या खालच्या होसला एक थेंब होता, क्लिप आवळली. चाकांचे नट तपासले.

१५ नोव्हेंबर

बाकी राहिलेलं : टपाचं कापड आणि त्याची दाबबटणं, डाव्या दाराचं रबर, सिलमध्ये मेणाचा फवारा, नोंदणीच्या अर्जासाठी गाडीचे चारही बाजूंचे फोटो. ८०० किलोमीटर झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळायचे, रात्रभर गार झालेल्या इंजिनवर, पुस्तकातल्या क्रमाने, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा तपासायचे. आज मीटरवर ११२ झाले आहेत. पुढच्या रविवारी त्र्यंबक रोड.